फैजींचा अभ्यासक्रम आणि पोटगीचे वॉरंट

कावेरीकाठच्या कुंभकोणमशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर अनेक मराठी कुटुंबे त्या प्रदेशात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. प्रशासनाच्या अभ्यासकाने मात्र या प्रदेशाची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, असे मला वाटते. १७९९ मध्ये तंजावरचा कारभार कंपनीच्या हाती गेला आणि १८०२ च्या नियमांनी मद्रास इलाख्यात नवी न्यायव्यवस्था आली. न्यायासनावर इंग्रज बसला, पण फौजदारी कायदा राहिला इस्लामी. आरोपी मुसलमान असो वा हिंदू, न्यायालयातील काझी किंवा मुफ्ती फतवा देई आणि कंपनीच्या नियमांनी त्यात केलेल्या फेरफारांसह शिक्षा ठरे.

इकडे मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखली जाणारी १८२७ ची संहिता आली होती. तिच्यात स्वतंत्र फौजदारी कायदा होता. म्हणजे त्या काळी पुण्यातील मराठी गृहस्थावर चोरीचा आळ आला तर त्याचा निवाडा एका कायद्याने होई, आणि कुंभकोणममधील त्याच्या आप्तावर तसाच आळ आला तर दुसऱ्या. हा भेद १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता आणि पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आल्यावर मिटला. १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतील हिंदू व मुस्लिम विधि-अधिकाऱ्यांची पदेही रद्द झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, इस्लामी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे विषय आपल्या देशात एकमेकांना अपरिचित कधीच नव्हते. तरीही आपण ते वेगळ्या कप्प्यांत शिकवतो. मुस्लिम कायदा म्हणजे 'त्यांचा' घरगुती मामला, आणि फौजदारी प्रक्रिया म्हणजे समन्स, वॉरंट, तारखा यांची कारकुनी, असा समज अधिकाऱ्यांतही आढळतो. हा समज किती महागात पडतो, हे पाहण्यासाठी एका प्राध्यापकाची कारकीर्द आणि एका कलमाचा प्रवास शेजारी ठेवून पाहू.

प्राध्यापक म्हणजे आसफ अली असगर फैजी. जन्म १८९९, माथेरानचा. सुलेमानी बोहरा घराणे, केंब्रिजचे शिक्षण, मग मुंबईत वकिली. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये ते फैजींकडे आले आणि १९४७ पर्यंत राहिले. पुढे ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, १९५२ ते १९५७ केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि नंतर जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे ज्याने वकील घडविले, त्यानेच पुढे देशासाठी अधिकारीही निवडले.

१९४९ मध्ये त्यांचा मुस्लिम कायद्याची रूपरेषा मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी वकिलांच्या मेजावर असे ते सर दिनशा मुल्ला यांचे पुस्तक. मुल्लांनी विषय कलमवार, एखाद्या अधिनियमासारखा मांडला होता. सोयीसाठी ते उत्तमच होते, पण त्यामुळे पुस्तकालाच कायदा समजण्याची सवय जडली. फैजींनी विद्यार्थ्याला मागे नेऊन मूळ अरबी आधार, निरनिराळे पंथ आणि त्यांचे मतभेद दाखविले. फातिमी काळातील 'दआइम अल्-इस्लाम' या इस्माइली विधिग्रंथाचे त्यांनी स्वतः संपादन केले. भारतात 'मुस्लिम कायदा' म्हणून जो चालतो तो निव्वळ शरियत नाही, त्यात इंग्रजी समन्याय, न्यायालयीन निर्णय आणि कायदेमंडळाचे अधिनियम मिसळलेले आहेत, हे त्यांनी नि:संदिग्धपणे सांगितले. जे काळाच्या ओघात घडले ते पुढेही घडू शकते, हा त्यातील खरा धडा.

आता कलमाकडे वळू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ अन्वये ऐपत असूनही पत्नीला वा मुलांना न पोसणाऱ्या पुरुषाला दंडाधिकारी दरमहा पोटगी द्यावयास लावू शकत असे. धर्म कोणताही असो. हेतू एवढाच की कोणी निराधार होऊन रस्त्यावर येऊ नये. पण एक पळवाट होती. संरक्षण 'पत्नी'ला होते. पतीने तलाक दिला आणि इद्दत संपली की ती पत्नी उरत नसे आणि आदेश निष्प्रभ होई. प्रक्रियेने दिलेला हक्क वैयक्तिक कायद्याच्या एका उच्चाराने पुसला जाई. ज्याला एकच विषय ठाऊक, त्याला ही फट दिसणे कठीण. १९७३ च्या संहितेने ती बुजविली. कलम १२५ मध्ये 'पत्नी' या शब्दात घटस्फोटित स्त्रीचाही समावेश झाला.

त्यानंतरचा इतिहास परिचित आहे, पण त्यातील आकडे सहसा कोणी सांगत नाही. इंदूरच्या शाहबानो यांनी १९७८ मध्ये अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. तेवढ्या रकमेसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. सात वर्षे! देशभर वाद पेटला तो शरियतवर. सात वर्षे लागली कशी, याविषयी फारसे कोणी बोलले नाही. १९८६ चा कायदा आला. त्याला आव्हान देणारे दानियल लतीफी हे शाहबानोंचे वकील आणि एका आयसीएस अधिकाऱ्याचे पुत्र. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला, परंतु पतीने इद्दतीच्या काळातच स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. १० जुलै २०२४ च्या निकालाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे, हे स्पष्ट झाले. हेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आले आहे.

या प्रवासातील दोन निर्णय मला विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला २००२ चा, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील पूर्णपीठाचा, दगडू पठाण खटल्यातील. पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना 'मी तलाक दिला आहे' एवढे लिहून भागत नाही. तलाकचे कारण, आधी झालेला समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक हे पुराव्याने शाबीत करावे लागते, असे न्यायालय म्हणाले. दुसरा १९९६ चा, तामिळनाडू वक्फ मंडळाचा. १९८६ च्या कायद्यानुसार नातेवाईक असमर्थ असतील तर भार मंडळावर येतो. तेव्हा त्या स्त्रीने आधी एकेका नातेवाइकावर वेगळा दावा लावायचा काय? सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तशी गरज नाही, एकाच कामकाजात सारे मांडता येते. दोन्ही निर्णयांत धर्मशास्त्राचा मोठा ऊहापोह करण्याआधी एक साधा प्रश्न विचारला गेला : शाबीत कोणी करायचे, आणि फेऱ्या कोणी मारायच्या?

आदेश झाल्यावरची कथा मात्र न्यायालयाबाहेर, आपल्या दारात येते. पोटगी थकली तर ती दंडाप्रमाणे वसूल करायची असते आणि दंडवसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडेही पाठविता येते. रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल व्हावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कागद अखेर तहसीलदाराच्या टेबलावर येतो. तिथे त्याची गाठ पडते ती महसुली उद्दिष्टाशी. मार्चअखेरच्या आढाव्यात गौण खनिज, बिनशेती आकारणी, बँकांची प्रमाणपत्रे यांचे रकाने मी वर्षानुवर्षे पाहिले. पोटगीचा रकाना पाहिल्याचे आठवत नाही. रक्कम लहान, अर्जदार दुबळी, आणि वसुलीने शासनाची तिजोरी भरत नाही.

इकडे मुदतीचे काटे फिरत असतात. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज केला नाही, तर त्या रकमेपुरता हा मार्ग बंद होतो. वॉरंटनंतरही पैसे न देणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, असा सोयीचा समज गावोगाव आहे. तो चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. २००१ च्या दुरुस्तीने पाचशे रुपयांची जुनी कमाल मर्यादा उठली. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या रजनीश विरुद्ध नेहा प्रकरणात २०२० मध्ये, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे मार्गदर्शन मिळाले. कायदा पुढे गेला आहे. मागे राहिली आहे ती अंमलबजावणी.

माझ्या सूचना साध्या आहेत. प्रशिक्षण संस्थांत वैयक्तिक कायदे आणि फौजदारी प्रक्रिया एकाच पाठात, एकाच प्रकरणाच्या आधारे शिकवावेत. तहसीलच्या वसुली आढाव्यात पोटगीच्या वॉरंटचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्यात रकमेबरोबर वॉरंट किती महिने पडून आहे, याची नोंद असावी. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने आदेश मिळवून दिला म्हणजे आपले काम संपले असे न मानता, वर्षाच्या मुदतीची आठवण अर्जदाराला लेखी द्यावी. यांपैकी कशासाठीही नवा कायदा लागत नाही. आणि हे केवळ मुस्लिम स्त्रियांसाठी नाही. कलम सर्वांचे आहे, आणि थकबाकीदार तर सर्व धर्मांत आहेत.

समान नागरी कायद्यावरची चर्चा होत राहील, व्हावीही. पण जो समान कायदा फौजदारी प्रक्रियेच्या रूपाने दीडशेहून अधिक वर्षे आपल्या हाती आहे, तो आपण किती निष्ठेने राबविला, हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. कायद्याचा अर्थ बदलता येतो, हे फैजींसारख्यांनी वर्गात आणि ग्रंथांत दाखवून दिले. बदललेला अर्थ त्या स्त्रीच्या हातात रोख रकमेच्या रूपाने पोचविणे, हे काम प्राध्यापकाचे नाही. ते आपले आहे.