निर्मनुष्य छायाचित्रे आणि गजबजलेला गड

गडमुडशिंगी (ता. करवीर) - गावाशेजारील कोल्हापूर विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये पन्हाळगडाचा समावेश 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत झाला. या दोन घटनांमुळे जिल्ह्यातील पर्यटनाच्या अपेक्षा उंचावल्या आहेत. मात्र येथे उतरणाऱ्या पाहुण्याच्या मोबाईलमध्ये तीन दरवाजाचे जे चित्र असते, त्यात एकही माणूस नसतो. गडावर पोचल्यावर दिसते ती वाहनांची रांग. चित्र आणि वास्तव यांतील ही दरी केवळ हौसेचा विषय राहिलेली नाही.

गर्दी नाहीशी करण्याची किमया छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. लुई दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यासाठी काही मिनिटांचा अवधी लागल्याने चालती माणसे व गाड्या चित्रात उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. आजही तत्त्व तेच आहे. भिंगापुढे गडद फिल्टर लावून दीर्घकाळ प्रकाश घ्यायचा, किंवा कॅमेरा न हलविता वीस-पंचवीस चित्रे टिपून संगणकावर त्यांचा मेळ घालायचा. फिरती माणसे गळून पडतात, स्थिर वास्तू उरते. संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यास पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची पूर्वपरवानगी लागते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

या पद्धतींची मर्यादा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्पष्ट होते. ४८ खांबांच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार खुले आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्यावर येतो आणि नेमकी तेव्हाच तेथे गर्दी होते. ही गर्दी फिरत नाही, खिळून उभी राहते. त्यामुळे दागेरच्या गृहस्थाप्रमाणे ती चित्रात उरतेच.

येथे मोहात पाडते ती बोटाच्या एका स्पर्शाने माणूस पुसणारी सुविधा. २०२१ पासून ती मोबाईलमध्ये रुळत गेली. प्रतीक्षा करून घेतलेले रिकामे चित्र आणि पुसून केलेले रिकामे चित्र यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यातील प्रत्येक दगड कॅमेऱ्याने पाहिलेला असतो. दुसऱ्यात पुसलेल्या माणसामागचे शिल्प यंत्र अंदाजाने रचते. कोरीव खांबाचे असे चित्र उद्या नोंद म्हणून वापरले गेले, तर नसलेली नक्षी खरी ठरेल आणि असलेली झीज दडून जाईल.

पन्हाळ्यावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. हा ओसाड किल्ला नव्हे. येथे नगर परिषद आहे, बाजार आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. वारसा दर्जामुळे निर्बंध येतील, ही धास्ती रहिवाशांनी बोलून दाखविली आहे. प्रसिद्धीच्या प्रत्येक चित्रातून हीच माणसे वगळली गेली, तर गड रिकामाच असावा अशी समजूत बळावते. शिवाय अशा चित्राला भुलून आणखी पर्यटक येतात आणि वाहनतळ, पाणी, स्वच्छतागृहे यांवरील ताण वाढतो. तो ताण चित्रात कोठेच दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दैनंदिन पर्यटकसंख्येला मर्यादा घालण्यात आली. पन्हाळ्यासारख्या नांदत्या गावात तशी मर्यादा घालणे कठीण असले, तरी आठवड्यातील मधले दिवस आणि सकाळच्या वेळा यांचा प्रसार करता येईल. शासकीय प्रसिद्धीतील छायाचित्राखाली ते कोणत्या वेळी घेतले आणि त्यात काही पुसले आहे काय, याची नोंद असावी. सूर्योदयाला गड चढणाऱ्यास निर्मनुष्य तीन दरवाजा आजही मिळू शकतो. मात्र दुपारच्या गर्दीचे छायाचित्रही कोणीतरी जपून ठेवले पाहिजे. नियोजनाला आधार त्याचाच मिळणार आहे.