न लपवलेलं काँक्रीट

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या आमच्या घरात मधल्या खोलीच्या स्लॅबचा पोपडा पडला. आतली सळई तांबडी होऊन फुगली होती. "वरून गिलावा मारून घेऊ, दिसणार नाही," बाबा म्हणाले. मीही मान डोलावली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ऑफिसच्या कामाला पॅरिसला जाणं झालं. रविवार मोकळा होता. माझा एक सिव्हिलवाला मित्र कॉलेजपासून एका चर्चबद्दल सांगायचा, ते बघायला लोकलने पूर्वेकडच्या ल रँसी या उपनगरात गेलो.

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1914 मध्ये, याच बाजूला उर्क नदीकाठी मोठी लढाई झाली. तिथे पडलेल्यांच्या स्मरणार्थ गावाला चर्च हवं होतं, पण गाठीला पैसा फार थोडा. दगडी बांधकाम परवडणारं नव्हतं. काम गेलं ऑग्युस्त पेरे आणि त्याचा भाऊ ग्युस्ताव यांच्याकडे. घरचा धंदा बांधकामाच्या ठेक्याचा. ऑग्युस्त वास्तुकला शिकला, पण पदविका न घेताच बाहेर पडला. त्यांनी काँक्रीट सुचवलं. एप्रिल 1922 मध्ये पायाभरणी झाली आणि जून 1923 मध्ये चर्च उघडलंसुद्धा. सुमारे चौदा महिने!

लोखंड घातलेलं सिमेंट चर्चला नवीन नव्हतं. पॅरिसच्याच माँमार्त्र टेकडीवरचं साँ-झाँ चर्च 1904 मध्ये पुरं झालं, त्यात ते वापरलंय. पण समोरून बघाल तर विटाच दिसतात. पेरेने ल रँसीत काँक्रीटवर काहीच चढवलं नाही. ना दगड, ना गिलावा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसेसुद्धा तसेच ठेवले.

आत शिरलो आणि आधी खांबांकडे बघत राहिलो. उंची 11 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या तीन मजली घराएवढी. जाडी किती? खाली 43 सेंटिमीटर, वर जाईतो 35. वरची कमानदार छपरं अगदी पातळ, आणि त्यांचा सगळा भार या खांबांवर. त्यामुळे भिंतींना काही उचलायचंच नाही. मग पेरेने भिंतीच्या जागी काँक्रीटच्या जाळ्या उभ्या केल्या. मोजकेच साचे करून तेच ते तुकडे ओतले आणि एकावर एक रचले. त्यातच पैसे वाचले. जाळीच्या प्रत्येक भोकात रंगीत काच आहे. चित्रं मोरिस दनीची, काचकाम मार्गरीत ह्युरेचं. पुढे चालत जावं तसा उजेडाचा रंग बदलतो आणि करड्या खांबांवर पसरतो. पैसा कमी होता हे तिथे उभं राहून कोणाला सांगूनही पटणार नाही.

पेरेच्या ऑफिसात 1908-09 च्या सुमारास एक तरुण उमेदवारी करत होता. तोच पुढे ल कॉर्ब्युझिए म्हणून गाजला आणि त्याने आपलं चंदीगड आखलं. तिथल्या उघड्या काँक्रीटचं मूळ असं इथवर पोचतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. या चर्चचं काँक्रीटही पुढे फुटायला लागलं. भाग बारीक, सळईवरचा थर पातळ. नव्या काँक्रीटमधली अल्कली सळईला गंजू देत नाही. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हे कवच संपवतो. त्यात ओल पोचली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून ढकललं जातं आणि पोपडे सुटतात. चर्चला दुरुस्तीची मोठी कामं काढावी लागली. तिथे एक सोय मात्र होती. काहीच झाकलेलं नसल्याने दुखणं कुठे आहे ते दिसत होतं.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला आमची मधली खोली आठवली. आपण तर दुखण्यावरच गिलावा मारायला निघालो होतो.

रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, "गिलावा राहू दे. आधी फोडून बघू."

"पॅरिसला जाऊन हेच बघितलंस?" बाबा हसले. पण थांबले.

मे महिन्यात गवंडी आला. हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज येईल तिथे फोडत गेला. पोपडा पडला होता वीतभर, गंज निघाला चार फूट. सळ्या घासल्या, दोन ठिकाणी नवीन जोडल्या, गच्चीवरची भेग बुजवली आणि मग गिलावा केला. खर्च झाला, बाबा थोडे कुरकुरले. पण त्या खोलीत आजी झोपते.

तुमच्याही घराला तीस-चाळीस वर्षं झाली असतील, तर पावसाआधी एकदा मान वर करून स्लॅब बघा. तांबडा डाग दिसला तर रंगवाल्याला नंतर बोलवा, आधी गवंड्याला.