निर्जंतुक प्रवाळ म्हणजे मृत प्रवाळ

प्रवाळांच्या पुनर्रोपणाची बातमी आली की आपण समाधान व्यक्त करतो. 2020 साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळवसाहती हलवण्यात आल्या, तेव्हा चर्चा झाली ती किती वसाहती जगतील याची. प्रवाळासोबत आणखी काय हलवले जाते, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. घरगुती खाऱ्या मत्स्यालयांत तर या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे शास्त्राच्या वेषातील अंधश्रद्धा होय: नवा प्रवाळ काही मिनिटे आयोडीनच्या द्रावणात बुडवा, तो ‘निर्जंतुक’ होतो.

मुळात हा शब्दच चुकीचा आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते, त्याच्या श्लेष्मावर जिवाणूंचा समुदाय नांदतो आणि या सोबत्यांवाचून तो तगत नाही. खऱ्या अर्थाने निर्जंतुक केलेला प्रवाळ हा केवळ चुनखडीचा सांगाडा असतो. औषधी स्नानाने होते ते इतकेच की चिकटून बसलेले चपटे कृमी आणि बारीक कवचधारी जीव सैल होऊन गळून पडतात. हे उपयुक्त खरे. पण पुरेसे नाही.

याचा पुरावा ‘प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी’ या चपट्या कृमीने दिला आहे. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या ऊती खाणाऱ्या या कृमीचे शास्त्रीय वर्णन 2011 साली झाले, तेही मत्स्यालयातील नमुन्यांवरून. निसर्गात तो आढळल्याची नोंद नंतर झाली. तो आपली अंडी प्रवाळाच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर घालतो. प्रौढ कृमीला मारणारे द्रावण अंड्यांच्या आवरणापुढे निष्प्रभ ठरते. आज स्वच्छ दिसणारा तुकडा काही दिवसांनी पुन्हा बाधित होतो, तो यामुळेच. म्हणून अंडी भिंगाने शोधावी लागतात, मृत बूड कापून टाकावे लागते, तुकडा कित्येक आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा लागतो आणि स्नान पुनःपुन्हा द्यावे लागते. यालाच विलगीकरण म्हणतात. त्याला पर्याय नाही.

यावर आक्षेप ठरलेला असतो: “टाकी माझी, नुकसानही माझे.” तसे नाही. छंदी मंडळी प्रवाळाचे तुकडे परस्परांना देतात, आणि त्याबरोबर कीडही गावोगाव पोचते. 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात ‘कॉलर्पा’ या शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा पट्टा दिसला होता. पुढे त्याने भूमध्य समुद्राच्या तळाचे हजारो हेक्टर व्यापले.

म्हैसूर समुद्रापासून दूर आहे, म्हणून येथील मत्स्यालयपालकाची जबाबदारी संपत नाही. स्नानासाठी बागेतील कीटकनाशके वापरण्याची प्रथा आहे. त्यांपैकी इमिडाक्लोप्रिड जलकीटकांना अत्यंत घातक असते. मोरीत ओतलेले असे द्रावण कुठे जाते, याचा विचार कुक्करहळ्ळी आणि कारंजी या तलावांच्या शहरात तरी व्हावा. याच शहरात 1892 पासून प्राणिसंग्रहालय आहे. बाहेरून आलेले हरीण त्याच दिवशी कळपात सोडणे कोणत्याही जबाबदार प्राणिसंग्रहालयात अक्षम्य मानले जाईल. मग प्रवाळच अपवाद का? कारण आपण त्याला प्राणी मानत नाही, शोभेचा दगड मानतो.

कायदा मात्र त्याला प्राणी मानतो. भारतीय समुद्रातील प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते खडकावरून खरवडून आणणे हा गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळांचा व्यापारही ‘साइटीज’ कराराने नियंत्रित आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ‘कोणत्या द्रावणात बुडवू?’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘हा जीव आला कुठून?’ हा पहिला. पहिल्याचे प्रामाणिक उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने दुसरा विचारूच नये.