ऐंशी टक्क्यांची होडी

आम्हा कारकुनांना झेरॉक्स यंत्राची एक खोड लागते. मोठा तक्ता फायलीत मावत नसला, की ८० टक्क्यांवर आणायचा. तक्ता मावतो, काम संपते. २०१९ साली मी हीच खोड होडीला लावली.

घरी बांधता येईल अशा होडीचा आराखडा मिळाला होता. १५ फूट लांब, मधोमध ३५ इंच रुंद, दोन माणसे मिळून १५० किलो भार. आमच्या पडवीत १२ फुटांवर काही मावत नाही. मग सगळीच मापे ८० टक्के केली. प्लायवूड कापले, तांब्याच्या तारेने टाके घातले, सांधे इपॉक्सीने भरले. होडी देखणी झाली. शेजारच्या म्हाताऱ्या मेस्ताने रुंदीवर वीत टाकून पाहिली आणि एवढेच विचारले, "उलांडी खंय?" मी हसलो.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन खाजनातल्या पाण्यात उतरलो. ती खंड्या पक्षी दाखवायला वळली आणि दोघेही पाण्यात! पाणी कमरेएवढेच होते, म्हणून आज हसत सांगतो आहे. हिचा राग मात्र महिनाभर उतरला नाही.

चूक नशिबाची नव्हती, गणिताची होती. लांबी, रुंदी, खोली तिन्ही ८० टक्के झाली की आकारमान ५१ टक्क्यांवर येते. म्हणजे १५० किलोंची होडी साधारण ७७ किलोंची झाली, एकट्या माझ्यापुरती. कलंडू न देण्याची ताकद तर लांबीवर आणि रुंदीच्या घनावर अवलंबून असते. ती ४१ टक्के उरली. होडी आटली, पण बसणारी माणसे तेवढीच राहिली आणि त्यांचा भारही तेवढ्याच उंचीवर राहिला. आपल्याकडच्या अरुंद होड्यांना बाजूला उलांडी बांधतात ती याचसाठी. मेस्ताने एका शब्दात हेच विचारले होते.

कोणी म्हणेल, आराखड्याला हात लावूच नये. मला ते पटत नाही. बदल करावा, पण रुंदीला आणि खोलीला हात न लावता. आडव्या चौकटी आहेत तशाच ठेवून त्यांच्यामधले अंतर सारख्या प्रमाणात कमी करावे, तेही फार तर १० टक्के. म्हणजे १५ ची साडेतेरा फूट होते आणि भारही सुमारे दहा टक्क्यांनीच घटतो. फळ्यांचे आकार मात्र नव्याने काढावे लागतात. दीड फूट पडवीबाहेर राहिली तर राहू द्यावी.

आणि प्लायवूड आणण्याआधी पुठ्ठ्याची होडी करावी, एक अष्टमांश मापाची, मेण लावलेली. वजन तिथे ५१२ पटींनी कमी धरायचे. ७५ किलोंच्या माणसासाठी सुमारे १४६ ग्रॅम वाळूची पुरचुंडी, बसलेल्या माणसाच्या पोटाच्या उंचीच्या प्रमाणात ठेवलेली. घंगाळात ती कलंडली, तर नदीतही कलंडणार.

माझी जुनी होडी आता पडवीत आहे. तीत एकटाच बसतो, जॅकेट घालून. नवी साडेतेरा फुटी बांधायला घेतली आहे. मुलगी म्हणते, "पप्पा, आधी मेस्ताक दाखय."