पावसाची वही आणि तीस दिवसांची बादली

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन पोस्टी अर्धवट पडून आहेत, त्यांचं बघू कधीतरी. आज भांडायचा मूड आहे. नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, भांडण कुणा माणसाशी नाही. भांडण आहे 'मॅनेज्ड' या शब्दाशी.

आमच्या बाबांना ओळखणाऱ्या सगळ्यांना पावसाची वही माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात: कोकणातल्या आमच्या घराच्या अंगणात एक पर्जन्यमापक आहे. १९८९ पासून बाबा रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातलं पाणी काचेच्या मापात ओततात आणि आकडा वहीत लिहितात. साडेआठच का, तर हवामान खात्याची तीच वेळ म्हणून. वही कुठलीही. विमा एजंटाने दिलेली डायरी, शाळेतून उरलेली रेघी वही, काहीही. बाबा परगावी गेले तर आई लिहायची. ताईच्या लग्नाच्या दिवशीचासुद्धा आकडा आहे! (लग्न जूनमधलं होतं, मांडव गळत होता, आणि बाबा साडेआठला अंगणात. ताई अजून बोलून दाखवते.)

२०२४ च्या मे महिन्यात मी घरी गेलो आणि सुधारणा केली. आपण शहरातून घरी गेलो की सुधारणा करतोच. एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला. त्यात एक छोटी वाटी असते, साधारण पाव मिलिमीटर पाऊस झाला की ती कलंडते आणि रिकामी होते. किती वेळा कलंडली ते मोजायचं, वायफायवरून पाठवायचं. पाठवायचं कुठे? तर क्लाउडमधल्या टाइम-सिरीज डेटाबेसमध्ये.

नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे. वेळ आणि आकडा यांच्या जोड्या, एकापुढे एक. बाबांची वही हीसुद्धा टाइम-सिरीजच. फरक इतकाच की वहीत दिवसाला एक ओळ, आणि माझं यंत्र दर दहा सेकंदांनी एक. म्हणजे दिवसाला ८,६४० ओळी. असल्या नोंदींसाठी खास बनवलेले डेटाबेस असतात, आणि ते स्वतःच्या मशीनवर न ठेवता कुणीतरी चालवून देतं, त्याला म्हणायचं 'मॅनेज्ड'.

सेटअपला एक संध्याकाळ लागली. खातं उघडलं, रीजन निवडला, संस्थेचं नाव दिलं (मी 'घर' असं दिलं), मग नोंदी ज्यात पडणार ती 'बकेट' तयार केली. शेवटी एक लांबलचक टोकन मिळालं. ही किल्ली. एकदाच दाखवतात, लिहून घ्या, नाहीतर नवी करा. टोकन यंत्रात घातलं, पत्ता घातला, आणि दहा सेकंदांत पहिली नोंद पडली: शून्य. मे महिना होता. पण त्या शून्याचं काय कौतुक वाटलं म्हणून सांगू!

बाबांना फोनवर आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "म्हणजे हे आपलं आपण लिहितं?"

"हो बाबा."

"मग मी लिहायला नको?"

मी म्हणालो, "कशाला उगाच पावसात जाता? गुडघे सांभाळा."

हे वाक्य मी म्हणालोय. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

सबंध पावसाळा मी इकडे शहरात बसून फोनवर घरचा पाऊस बघत होतो. फोनवर कायम 'गेले चोवीस तास' लावलेलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा म्हटलं, बाबांना हंगामाची बेरीज काढून देऊ, वहीत शेवटी ते दरवर्षी लिहितात तशी. जून ते ऑक्टोबर असा काळ निवडला. आलेखात ऑक्टोबर तेवढा दिसला, त्याच्या मागे कोरं.

आधी वाटलं प्रश्न चुकीचा विचारला. मग वाटलं नेट गेलंय. मग सेटिंगमध्ये गेलो आणि तिथे ते शांतपणे लिहिलेलं होतं: नोंदी ठेवण्याची मुदत, तीस दिवस. बकेट करताना तो रकाना आधीच भरलेला होता आणि मी 'पुढे' दाबलं होतं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर रोज एकेक दिवस करून पुसले गेले, आणि पुसण्याचं काम अगदी चोख, न चुकता झालं. मॅनेज्ड होतं ना!

ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "चूक तुझी आहे. सेटिंग वाचायला हवं होतंस." बरोबर आहे. माझीच आहे. सेवा कुठली ते म्हणूनच सांगत नाही, त्यांनी कबूल केलं तेवढं केलं. पण भांडण इथेच सुरू होतं. आधीच भरलेला रकाना म्हणजे बनवणाऱ्याचं मत असतं. तीस दिवसांपूर्वीची नोंद कुणाला नको असते, हे मत. हे आलं कुठून?

आलं ते संगणकांवर नजर ठेवण्यातून. ही अवजारं मुळात यंत्रांनी यंत्रांवर पाळत ठेवावी म्हणून जन्माला आली. १९९९ सालचं टोबियास ओटिकरचं आरआरडीटूल घ्या. त्याची फाइल ठरलेल्या मापाची, गोल फिरणारी. जागा संपली की नवी नोंद जुनीच्या डोक्यावर. प्रोमीथियस हे आजचं लोकप्रिय अवजार, त्याची न बदलता मिळणारी मुदत पंधरा दिवस. त्या कामासाठी हे योग्यच आहे. मागच्या वर्षीच्या एका मंगळवारी सर्व्हरचा प्रोसेसर किती तापला होता हे कुणी विचारत नाही. पण मागच्या वर्षीच्या एका मंगळवारी किती पाऊस पडला हे लोक चाळीस वर्षांनी विचारतात. विसरणं ही ज्या घराण्याची रीत, त्याच्याकडे आपण आठवण ठेवायला दिली. आणि विक्रीच्या पानावर मात्र शेतीचे सेन्सर, हवामान, नदीची पातळी, सगळ्यांची चित्रं एका रांगेत.

"जागा लागते रे," असं कुणी म्हणेल. हिशोब करू. दहा सेकंदाला एक नोंद म्हणजे वर्षाला ३१,५३,६०० नोंदी. एका नोंदीला साध्या पद्धतीने १६ बाइट धरले तर साधारण ५० एमबी. फेसबुकच्या लोकांनी २०१५ साली 'गोरिला' नावाच्या त्यांच्या डेटाबेसवर निबंध लिहिला. त्यात शेजारशेजारच्या नोंदींमधला फक्त फरक साठवून एक नोंद सरासरी १.३७ बाइटवर आणली होती. त्या हिशोबाने वर्षाचा पाऊस सव्वाचार एमबीच्या आसपास. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारे सुप्रभातचे फोटो याहून जास्त जागा खातात, आणि ते कुणी पुसत नाही! जागेचं कारण माझ्या पावसाला तरी लागू नाही.

आता समजा तो रकाना मी नीट भरला असता, 'कायम' असं निवडलं असतं. मग सुटलो असतो का?

२०२३ ची गोष्ट. इन्फ्लक्सडेटा ही या क्षेत्रातली मोठी नावाजलेली कंपनी. त्यांनी क्लाउडमधली सिडनी आणि बेल्जियम ही दोन ठिकाणं बंद करायचं ठरवलं. फेब्रुवारी ते मे दरम्यान ग्राहकांना तीन ईमेल पाठवले. ज्यांनी वाचले त्यांनी डेटा हलवला, ज्यांच्या ते नजरेतून सुटले त्यांना जुलैमध्ये कळलं की पत्ताच नाहीसा झालाय. बेल्जियममधला काही डेटा परत मिळाला, सिडनीतला गेला तो गेला. संस्थापकाने नंतर जाहीर माफी मागितली. माफी प्रामाणिक असेल, पण तिला काही टाइमस्टॅम्प नसतात.

आणि अॅमेझॉनचं टाइमस्ट्रीम. २०१८ मध्ये घोषणा, २०२० च्या सप्टेंबरात सर्वांसाठी खुलं. त्यात दीर्घकाळच्या कप्प्याची मुदत जास्तीत जास्त ७३,००० दिवस देता यायची, म्हणजे २०० वर्षं! वाचून छाती भरून येते. २० जून २०२५ पासून त्याच मूळ सेवेत नव्या ग्राहकांना प्रवेश बंद झाला. पाच वर्षंसुद्धा भरली नव्हती. जुन्या ग्राहकांचं चालू राहिलं, तेव्हा फसवलं असं मी म्हणणार नाही. पण २०० वर्षांचा रकाना आणि पाच वर्षांचं दुकान, हे एकत्र ठेवून बघा.

बरं, डेटा आहे, सेवाही आहे, तरी उघडणार कोण? बाबांची वही उघडायला चष्मा लागतो. माझी बकेट उघडायला पत्ता, पोर्ट, संस्थेचं नाव, बकेटचं नाव, टोकन, आणि वर त्यांची भाषा. ती भाषाही स्थिर नाही. इन्फ्लक्सडीबीची पहिली भाषा एसक्यूएलसारखी, मग २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लक्स नावाची नवीच पुढे केली, लोकांनी बिचाऱ्यांनी शिकली, आणि तिसऱ्या आवृत्तीत फ्लक्स नाहीच, पुन्हा एसक्यूएल. माझं टोकन माझ्या लॅपटॉपवर. उद्या मला काही झालं तर बाबांच्या अंगणातला पाऊस बाबांनाच बघता येणार नाही. याला मी सुधारणा म्हणत होतो.

आता एक जुनं उदाहरण, आपल्याच मुंबईतलं. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत. माणूस डोळ्याने वाचायचा आणि हाताने लिहायचा. एरवी तासातासाने, सुई अस्वस्थ झाली की पाच-पंधरा मिनिटांनी. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या प्रचंड वादळाचा तडाखा पृथ्वीला बसला तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण लिहिली गेली. २००३ साली त्सुरुतानी, लखीना वगैरे शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर काढला, तो याच आकड्यांवरून. नोंद १४४ वर्षं पडून होती आणि लागली तेव्हा वाचता आली.

त्याहून मला आवडतं ते त्यांचं स्थलांतर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, म्हणून १९०४ साली नानाभाई मूस यांच्या काळात नवी वेधशाळा अलिबागला उभारली. पण म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड बसावी. अलिबागला आजही मोजतात.

मी बाबांना एक दिवसही दोन्हीकडे मोजू दिलं नाही. गुडघे सांभाळा म्हणालो.

मग काय, क्लाउड सोडायचं? नाही. मी घरी छोट्या संगणकावर हाच डेटाबेस चालवून पाहिलाय. लाईट गेली, मेमरी कार्ड मेलं, आठवडा गेला. आमच्याकडे पावसात लाईट किती टिकते ते नातेवाईकांना सांगायला नको. मशीन सांभाळणं, दुरुस्त्या, प्रती ठेवणं ही कामं ते लोक माझ्यापेक्षा फार चांगली करतात. त्याचे पैसे द्यावेत. माझं म्हणणं एवढंच की ते मशीन सांभाळतात, नोंद सांभाळत नाहीत. ते काम कुणी विकत घेत नाही नि विकत नाही, ते ज्याची नोंद त्याचं. 'मॅनेज्ड' हा शब्द ही दोन्ही कामं एकच असल्याचं भासवतो, म्हणून त्याच्याशी भांडण.

आता मी काय करतो ते सांगतो. बकेट करताना आधी मुदत बघतो, मग बाकी सगळं. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही फाइलीत उतरवतो, कुठल्याही संगणकात उघडेल अशा. एक प्रत माझ्याकडे, एक ताईकडे. वर्षातून एकदा ती फाइल खरंच उघडून बघतो. टोकन आणि पत्ता कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलाय. आणि सेवेचे ईमेल आता न वाचता पुसत नाही.

२०२५ च्या जूनपासून बाबा पुन्हा साडेआठला अंगणात जातात. मी काही बोललो नाही, त्यांनीच सुरू केलं. दोन्ही आकडे जुळतात का ते आम्ही फोनवर बघतो. जुळत नाहीत. एकदा यंत्राचा आकडा निम्माच आला. वाटीत आंब्याचं पान अडकलं होतं, ते बाबांनी काढलं.

वहीत २०२३ नंतर एक पान सोडलेलं आहे. वर '२०२४' आणि खाली बाबांच्या अक्षरात एकच ओळ: 'या वर्षी यंत्राकडे होते.' मला बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ता. क.: तुमच्यापैकी ज्यांनी असलं काही लावलंय, पाण्याच्या टाकीवर, सोलरवर, कुठेही, त्यांनी ही पोस्ट बाजूला ठेवून आधी तो मुदतीचा रकाना बघून या. कमेंट काय, नंतरही करता येईल.