वजनकाट्याला न दिसणारी चरबी

“आबांचे वजन तर बेताचेच होते, मग हृदयविकार कसा जडला?” आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेतात राबलेल्या, अंगाने सडपातळ असलेल्या ज्येष्ठांच्या घरी हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचे उत्तर स्वतःच्या देहाच्या उदाहरणाने दिले. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3 होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्याला हा भेद दिसला नाही.

आपल्याकडे चरबी प्रामुख्याने पोटात, यकृताभोवती साठते. तिच्यामुळे रक्तातील साखर, मेद आणि रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या धमन्या अरुंद होऊ लागतात. त्यात उतारवयात स्नायू झिजतात व त्यांची जागा चरबी घेते. वजन तेच राहते, पण लेंग्याची नाडी पुरेनाशी होते. ही खूण दुर्लक्षू नये.

म्हणून वजनासोबत पोटाचा घेरही मोजावा. ज्येष्ठांना सरळ उभे करावे, सहज श्वास सोडू द्यावा आणि शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत व स्त्रियांचा 80 च्या आत असावा.

घेर कमी करण्यासाठी उपासमार मात्र करू नये. तिने चरबीआधी बळ जाते. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोडाची उसळ, पालेभाजी व ताक हा आपला आहार उत्तमच आहे. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळींचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.) हात आखडावा तो तेल, साखर, मीठ, पापड-लोणच्यावर. शेगावची कचोरी सणासुदीपुरती ठेवावी. उपवासाची तुपातली साबुदाणा खिचडी म्हणजे हलका आहार नव्हे. मधुमेहाची औषधे चालू असल्यास विचारल्याविना उपवास करू नये. साखर एकाएकी उतरते.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव मांड्यांना बळ देतो. छातीत दाब आला किंवा धाप लागली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी दोन गोष्टी विशेष जपाव्यात. हृदयरुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, पाय सुजले, आडवे होताच दम लागू लागला, तर ती चरबी नसून साचलेले पाणी असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उलट, प्रयत्न न करता सहा महिन्यांत साठ किलोचे सत्तावन्न झाले, तर “बरे झाले, उतरले” असे म्हणू नये. त्यामागे आजार, दुखरे दात किंवा मनाची उदासी असू शकते.

एका साध्या वहीत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन व घेर लिहावा. हृदय दुर्बळ झालेल्यांचे वजन रोज सकाळी, न्याहारीपूर्वी नोंदवावे. तपासणीस येताना औषधांच्या पिशवीत ती वहीही असू द्यावी.