पुण्याचे पाणी, पुण्याची माणसे

मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते आणि भीमा पुढे दौंडकडे जाते. गेल्या तीन दशकांत पुण्याची कारखानदारी व वस्तीही शिरूर-दौंड तालुक्यांत उतरली आहे. स्वस्त जमिनीइतकाच करांतील तफावतीचा यात वाटा आहे. पुणे महापालिका २०१३ पर्यंत जकात घेत असे; हद्दीबाहेर सणसवाडी, रांजणगाव वा कुरकुंभ येथे उतरलेल्या मालाला ती द्यावी लागत नसे. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने मालावरील हा भेद मिटविला. घरपट्टीतील भेद मात्र उरला आहे.

परंतु नदी कराचे दर पाहून चढत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने हा धडा घेतला. खडकवासल्यातून सोडलेले पाणी अखेर याच तालुक्यांतून वाहते. पंचवीस वर्षांतील पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतील पुराची लाल रेषा नकाशावर आखली, म्हणून चाळींच्या भिंती थांबत नाहीत.

जेथे घरपट्टी कमी, तेथे नाले व इशाऱ्याची व्यवस्था यांसाठी पैसाही कमी. वाचविलेला कर शेवटी पुरात भरावाच लागतो. आणि तो बहुधा भरतो नदीकाठचा भाडेकरू कामगार, ज्याच्या पदरी सवलतीचा रुपयाही पडलेला नसतो. म्हणून निळ्या रेषेच्या आत एकही नवे घर नको, आणि कारखान्यांकडून मिळणाऱ्या कराचा निश्चित हिस्सा पूररक्षणासाठी राखून ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सवलतीची मुदत संपते. नदीकाठचे घर तेथेच राहते.